टबात वाकणारा माणूस

टबाची चकाकी गेली, तळाला पिवळट छटा आली, पाणी जायच्या जाळीभोवती गंजाची तांबूस कड दिसू लागली, की अमेरिकेतल्या घरातून पहिला फोन जातो तो टब फोडून नेणाऱ्याला. दुसरा जातो तो टब रंगवून देणाऱ्याला. टब मुळात कशाचा आहे, हे दोन्ही फोनांत कुणी विचारत नाही. विचारायला हवं. पुढचा खर्च, टिकाऊपणा आणि धोका, सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

उत्तर शोधायला कुणाला बोलवावं लागत नाही. फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती काढा आणि टबाच्या बाजूला लावा. चिकटला तर आत लोखंड किंवा पोलाद आहे. मग बोटाच्या पेराने ठोकून बघा. आवाज जड, मुका आला तर टब बिडाचा. टणटणला तर पोलादी पत्र्याचा. चुंबक घसरून खाली पडला आणि तळ पायाखाली किंचित दबतो आहे असं वाटलं, तर अॅक्रिलिक किंवा फायबरग्लास. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते न करता लोक हजारो डॉलरच्या कागदावर सही करतात.

न्यू जर्सीत आमच्यासारख्या अनेक मराठी कुटुंबांनी घेतलेली घरं पन्नास-साठ-सत्तरच्या दशकांतली आहेत. पाच फूट बाय आठ फुटांची न्हाणी, तीन भिंतींच्या कोनाड्यात बसवलेला पाच फूट लांबीचा टब. अशा घरात टब बिडाचा निघाला तर आनंद माना. तो संपलेला नाही. त्याचं वजन तीनशे पौंडांच्या, म्हणजे सुमारे १४० किलोंच्या, आसपास किंवा त्याहून जास्त असतं, आणि तेवढं लोखंड आंघोळीने झिजत नाही. झिजतो तो त्याच्यावरचा काचेचा पातळ थर. हो, काचच. वाळूच्या साच्यात लोखंड ओतून टब घडवायचा, तो सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून लालभडक करायचा आणि त्यावर चाळणीतून काचेची पूड भुरभुरायची. पूड लोखंडाला लागताच वितळते आणि त्याच्याशी एकजीव होते. विस्कॉन्सिनमधल्या जॉन मायकल कोलर यांनी १८८३ साली गुरांना पाणी पाजायच्या एका बिडाच्या द्रोणीला असा थर दिला आणि तिला चार पाय लावले की न्हायचा टब होईल असं जाहीर केलं, ही हकीकत कोलर कंपनी स्वतःच सांगते. त्याच दशकात डेट्रॉईटमध्ये डेव्हिड ब्यूक बिडावर काच चढवायची कृती पक्की करत होते. पुढे त्यांनी नळ-टबांचा धंदा विकला आणि मोटारी बनवायला घेतल्या. ब्यूक गाडीवर जे नाव आहे ते या टबवाल्याचं.

भट्टीतून निघालेली ही काच पिढ्यान् पिढ्या टिकते. तिला मारतो तो आपण वापरतो तो खरखरीत पावडरचा डबा. दर शनिवारी घासणी आणि पावडर घेऊन टबावर तुटून पडणारा माणूस टब स्वच्छ करत नसतो, त्याची वरची कातडी सोलत असतो. कातडी गेली की काच खडबडीत होते, खडबडीत झाली की मळ धरते, मळ धरला की आपण आणखी जोरात घासतो. नळ थेंब थेंब गळत असेल तर त्याखाली एक पट्टा वेगळाच झिजतो. पाणी जड असेल तर क्षार बसतात, ते काढायला लोक तीव्र आम्ल ओततात आणि उरलासुरला गुळगुळीतपणाही घालवतात. आपल्या घरांत आणखी एक भर असते. शॉवर असूनही बादली-तांब्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून बादली टबात येते, सरकते, आपटते. स्टीलचा तांब्या हातातून सुटतो आणि काचेचा टवका उडतो. दिवाळीच्या पहाटेचं तेल आणि उटणं टबाला काही करत नाही. दुपारी त्यावर फिरवलेली घासणी करते. प्लास्टिकची बादली, प्लास्टिकचा मग, मऊ फडकं आणि भांड्यांचा साधा पातळ साबण, एवढ्यावर बिडाचा टब घरमालकापेक्षा जास्त जगतो.

टबाविषयी काहीही सांगा, लोक खरं मानतात. हा अमेरिकेचा जुना रोग आहे. पत्रकार एच. एल. मेंकन यांनी डिसेंबर १९१७मध्ये न्यूयॉर्कच्या एका सायंदैनिकात टबाचा इतिहास लिहिला. अमेरिकेतला पहिला टब १८४२ साली सिनसिनाटीत बसला, डॉक्टरांनी त्याला विरोध केला, मग राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांनी तो व्हाइट हाऊसमध्ये आणला, असा सगळा तपशील दिला. त्यातलं अक्षरही खरं नव्हतं. मेंकन यांनी १९२६ साली स्वतः कबूल केलं की आपण हे रचलं, तरीही ती कथा पुढे कित्येक वर्षं लेखांतून आणि पुस्तकांतून फिरत राहिली. आज तीच जागा जाहिरातींनी घेतली आहे. ‘एका दिवसात नवा टब.’ ‘आयुष्यभर टिकेल.’ ‘वासाचा त्रास नाही.’ ही तीन वाक्यं जिथे एकत्र दिसतील तिथे खिशावर हात ठेवा.

आता पर्याय. पहिला पर्याय कुणी सांगत नाही, कारण त्यात कुणाला पैसे मिळत नाहीत. काहीच करू नका. टबाची फक्त चमक गेली असेल, लोखंड उघडं पडलेलं नसेल, तर क्षार आणि साबणाचा थर हळूहळू उतरवा आणि टब तसाच वापरा. मंद दिसणारा टब म्हणजे निकामी टब नव्हे. टवका उडून लोखंड दिसत असेल तर गंज घासून काढा, जागा पूर्ण कोरडी करा आणि इपॉक्सीचं छोटं दुरुस्तीचं पाकीट आणून ती भरा. रंग तंतोतंत जुळणार नाही. गंज मात्र थांबेल, आणि थांबवायचा असतो तो गंजच. एक काळजी घ्या. जुन्या काचेच्या थरात शिसं असू शकतं, आणि थर झिजला की ते पाण्यात उतरू शकतं. घरात टबात बसून खेळणारं, पाणी तोंडात घेणारं लहान मूल असेल तर टबाची शिशाची तपासणी करून घ्या. तिचा निकाल येईपर्यंत बाळाला प्लास्टिकच्या घमेल्यात न्हाऊ घाला. आपल्या आज्यांनी तेच केलं होतं.

दुसरा पर्याय रंगवून घेण्याचा. इथे मला थांबायचं आहे, आणि तुम्हालाही थांबवायचं आहे.

आपल्याकडे पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली म्हणून पातेलं कुणी उकिरड्यावर टाकलं नाही. कल्हईवाला दारात यायचा, खड्डा करून भाता लावायचा, पातेलं तापवायचा, नवसागर भुरभुरवून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा, आणि भांडं पुन्हा चांदीसारखं चमकायचं. टबाला नवा थर देणं हे त्याच शहाणपणाचं काम आहे. चांगली वस्तू टाकू नका, तिचा वरचा थर नवा करा. मी या विचाराच्या बाजूने आहे. पण कल्हईवाला झाडाखाली बसायचा. नवसागराचा पांढरा धूर आभाळात जायचा. टब रंगवणारा माणूस चाळीस चौरस फुटांच्या, अनेकदा खिडकी नसलेल्या खोलीत, दार लावून, टबात डोकं घालून काम करतो. वास घरभर पसरू नये म्हणून दार लावायला सांगतो तो घरमालक.

काम असं चालतं. आधी टब साबणाने आणि द्रावकाने पुरता निर्मळ करायचा. मग काचेचा गुळगुळीतपणा मोडायचा, कारण काचेवर रंग धरत नाही. त्यासाठी काही जण हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. हे आम्ल अंगावर पडलं तर कधी कधी आधी दुखतही नाही. ते कातडीतून आत शिरतं आणि शरीरातलं कॅल्शियम ओढतं. त्यावर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवावं लागतं. सगळेच हे आम्ल वापरत नाहीत. काही जण घासून आणि चिकटपणा देणारं रसायन लावून भागवतात, आणि मला तेच बरं वाटतं. नंतर इपॉक्सीचा पहिला हात, वर दोन भाग मिसळून फवारलेल्या पॉलियुरेथेनचे पांढरेशुभ्र थर, आणि मग एक-दोन दिवस टबाला हात लावायचा नाही. हा रंग आहे. यात भट्टी नाही आणि काच नाही. घरात काच वितळवता येत नाही. म्हणून नवा थर कितीही चमकला तरी जुन्या काचेइतका कणखर नसतो. त्यावर पावडर चालत नाही, चोषकांची रबरी चटई चालत नाही, कारण चटई उचलताना थरच सोलून येतो. तळ घासून-सुकवून नीट तयार केला असेल तर थर दहा वर्षंही निघतो. घाईत केला असेल तर दोन वर्षांत पापुद्रे सुटतात.

पापुद्रे सुटले की खरा धोका सुरू होतो. नवा रंग द्यायला जुना रंग काढावा लागतो. भाड्याच्या घरात तर दर भाडेकरू बदलला की एक थर, असे थरांवर थर चढलेले असतात. ते झटपट उतरवणारं रसायन म्हणजे मिथिलीन क्लोराइड. ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे खोलीच्या साध्या उष्णतेतही भराभर उडतं. त्याची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असते. ती वर जात नाही, खाली साचते. बाथरूममधली सगळ्यात खोल जागा टब. रंग खरवडायला माणूस वाकतो तोही टबातच. ही वाफ आधी गुंगी आणते आणि मग श्वास थांबवते. शरीरात गेलेल्या या रसायनाचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो आणि हृदयाचा प्राणवायू तोडतो. त्याचा गोडसर वास नाकाला जाणवतो तेव्हा हवेत ते ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर गेलेलं असतं. बाजारात मिळणारा साधा काडतुसाचा मुखवटा याला थोपवू शकत नाही. बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारं साधन लागतं. पाचशे डॉलरच्या कामाला ते कोण आणतो?

२०१० साली मिशिगनमध्ये टब रंगवणारा एक कामगार असा मेला. विमानांचा रंग काढायला विकलं जाणारं रसायन त्याने टबावर वापरलं होतं. तपास करणाऱ्यांनी मागे जाऊन पाहिलं, तर त्याच राज्यात आधीचे आणखी दोन मृत्यू सापडले. मग देशभर शोध झाला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०१२मध्ये छापलं की २०००पासून २०११पर्यंत टब रंगवणारे १३ कामगार याच कारणाने गेले. प्रत्येक मृत्यू राहत्या घराच्या बाथरूममध्ये, हवा खेळती नसताना झाला. कुणाच्याही तोंडावर पुरेसं साधन नव्हतं. त्याआधी फर्निचरचा रंग काढणारे आणि कारखान्यांतले कामगार यामुळे मरतात हे ठाऊक होतं. टबवाल्यांकडे कुणी पाहिलंच नव्हतं, कारण ते एकेकटे असतात, दुसऱ्याच्या घरात असतात आणि दाराआड असतात.

अहवाल छापला म्हणून मृत्यू थांबले नाहीत. २०१७ साली टेनेसीत टबावर काम करताना एक कोवळा तरुण गेला. त्याची आई आणि अशाच इतर मृतांचे नातेवाईक वॉशिंग्टनपर्यंत भांडत गेले. २०१९ साली पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, हे रंग काढायचं रसायन सामान्य ग्राहकाला विकायला बंदी घातली. धंदेवाईक कामगारांना मात्र तेव्हा वगळलं. म्हणजे मरत होते त्यांनाच सोडलं. मला याचा आजही राग येतो. २०२४च्या नियमाने अखेर बहुतेक व्यावसायिक वापरही बंद केले. १९८०पासून किमान ८८ माणसं या एका रसायनाने गेली, हे त्याच संस्थेने सांगितलं आहे. बाप कामाला गेला आणि परत आला नाही अशी ती घरं आहेत, आणि त्यांतली कित्येक नुकत्याच या देशात आलेल्यांची असणार, कारण हे काम कोण करतं ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहतो.

ओळखीच्या एका ताईंचा मध्ये फोन आला. “अगं, चारशेत करून देतो म्हणाला, आणि तेही संध्याकाळपर्यंत. करून घेऊ का?”

मी विचारलं, “ताई, जुना रंग कशाने काढणार, ते विचारलंत का?”

“ते कशाला विचारू? ते त्याचं काम.”

नाही, ताई. घर तुमचं आहे, बाथरूम तुमचं आहे, ‘संध्याकाळपर्यंत’ ही अटही आपल्यालाच आवडते. आपण घासाघीस करून शंभर डॉलर कमी करतो ते त्या माणसाच्या मुखवट्यातून आणि पंख्यातून कमी होतात. जुना रंग सौम्य रसायनाने काढायचा तर वेळ जातो, बेन्झिल अल्कोहोलसारख्या पर्यायांना तास-तास द्यावे लागतात. घासून काढायचा तर धूळ होते आणि मेहनत वाढते. स्वस्त आणि लगेच हे दोन्ही हवं असेल तर रंगवणाऱ्याच्या हातात तोच डबा येतो. कायदा झाला म्हणून जुने डबे गॅरेजमधून नाहीसे झालेले नाहीत.

ताईंना मी तेव्हा हे सगळं सांगितलं, आणि त्यांनी त्या माणसाला परत फोन करून विचारलंही. इथे तुमच्यासाठी लिहिते. काम देण्याआधी रसायनाचं नाव विचारा आणि त्याचा सुरक्षा-तक्ता, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, मागा. वाफ खिडकीतून किंवा जाड नळीतून घराबाहेर फेकणारा पंखा तो आणणार का ते विचारा. फवारताना हवा पुरवणारा मुखवटा घालणार का ते विचारा, कारण वरचा पॉलियुरेथेनचा थरही निरुपद्रवी नाही. त्यातली आयसोसायनेट नावाची द्रव्यं फुफ्फुसात गेली तर कायमचा दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्यांचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही झटका येतो. ज्याला हे प्रश्न विचारले की राग येतो, त्याला काम देऊ नका. जो थांबून सविस्तर सांगतो, त्याला शंभर डॉलर जास्त द्या. काम चाललेलं असताना मुलं, आजी-आजोबा, गरोदर बाई, पिंजऱ्यातला पोपट, सगळ्यांना दुसरीकडे पाठवा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. भिंतीतून वास जातो. आणि अधूनमधून दार ठोठावून त्या माणसाची विचारपूस करा. एकट्याने काम करणारा माणूस कोसळला तर कळणार कुणाला?

घरमालकांना वेगळं सांगते. दर भाडेकरूमागे एक थर फवारायचा ही सवय मोडा. चार थर एकावर एक चढलेला टब म्हणजे पुढच्या कामगारासाठी मांडून ठेवलेला सापळा आहे. एकदा नीट काढून घ्या, एकदा नीट लावा, किंवा टब बदला.

तिसरा पर्याय, टबाच्या मापाचा अॅक्रिलिकचा साचा आणून तो जुन्या टबावर चिकटवायचा. लायनर म्हणतात ते. रंगवण्यापेक्षा कितीतरी महाग, आणि माझ्या मते बहुतेक घरांत पैसे वाया. मोजमाप तंतोतंत असेल आणि जाळीपाशी बसवणी पक्की असेल तर ठीक. जरा फट राहिली की पाणी दोन थरांमध्ये शिरतं, तिथून निघत नाही, बुरशी धरते, आणि पाय ठेवला की आतून पिचपिच ऐकू येते. आतला टब सडतो आहे की नाही ते दिसतही नाही. विकणारा ‘एका दिवसात’ म्हणतो ते खरं असतं. त्यानंतरच्या दिवसांविषयी तो बोलत नाही.

चौथा, टब काढून नवा बसवणं. पत्र्याचा टब गंजून आरपार गेला असेल, फायबरग्लासच्या तळाला चीर गेली असेल, तर हाच पर्याय खरा. तडा गेलेल्या तळावर रंग लावून काही होत नाही. तळ दबत राहतो आणि रंगही तडकतो. तो दबतो कशामुळे ते मात्र समजून घ्या. पुष्कळदा टब बसवताना त्याच्या तळाखाली सिमेंटच्या मसाल्याचा आधार भरलेलाच नसतो, टब अधांतरी राहतो. नवा बसवताना तो भरून घ्या, आणि भरताना स्वतः उभं राहून बघा. नव्या टबाची किंमत काहीशे डॉलर असते. बिल हजारांत जातं ते भिंतीमुळे. टब टाइलच्या मागे गेलेला असतो, म्हणजे टाइल फुटणार. टाइलमागचं प्लास्टर ओलं निघणार. जुना गॅल्वनाइज्ड पाइप हात लावताच गळणार. जमिनीच्या जुन्या टाइलमध्ये किंवा त्यांच्या खळीत अॅसबेस्टॉस असू शकतं. १९७८च्या आधीच्या घरात भिंतीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि अशा घरात रंगाला धक्का लावणारं काम पैसे घेऊन करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे २०१०पासून ईपीएचं प्रमाणपत्र लागतं. ते मागा. कोनाड्यातला बिडाचा टब सहसा अख्खा बाहेर निघत नाही, घणाने जागेवरच फोडतात. तेव्हा काचेच्या कपच्या उडतात आणि आवाज कान बधिर करतो. फोडणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर बंद आहेत का ते बघा, कारण तेही तुमच्याच घरात घडतं आहे.

भारतातून आई-बाबा, सासू-सासरे सहा महिने राहायला येतात, त्यांच्यासाठी टबाचा प्रश्न चकाकीचा नसतोच. उंचीचा असतो. टबाची भिंत चौदा-पंधरा इंच उंच. साठ-सत्तर वर्षं न्हाणीघरात सपाट फरशीवर, पाटावर बसून आंघोळ केलेल्या बाईला ओल्या पायाने ती ओलांडायला लावतो आपण, वर पाठ फिरवून म्हणतो, “आई, जरा जपून हं.” २००८ या एका वर्षात अमेरिकेत पंधरा वर्षांवरचे सुमारे २ लाख ३४ हजार लोक बाथरूममधल्या दुखापतीने इस्पितळाच्या तातडीच्या विभागात गेले, आणि त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक दुखापती पडण्याच्या होत्या. वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतं.

म्हणून घरात सत्तरीचं माणूस राहणार असेल तर चकाकीआधी आधाराचा दांडा. तो भिंतीमागच्या लाकडी खांबात पक्क्या स्क्रूने बसवा. टॉवेलच्या दांडीला धरून उठणाऱ्याचं वजन ती पेलत नाही, आणि चोषकाने चिकटवलेला दांडा नेमक्या वेळी निसटतो. टबाच्या भिंतीला मध्यभागी खाच पाडून पाऊल टाकायला सखल वाट करून देणारे लोक आहेत. टब तोच राहतो, ओलांडायची उंची कमी होते आणि खर्च टब काढण्याच्या मानाने फार कमी येतो. मला हा मार्ग फार आवडतो आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. टबात आडव्या बसणाऱ्या स्टुलाची जोड दिली की आईंना बसून, बादलीतून, त्यांच्या सवयीने आंघोळ करता येते. दार असलेला उंच टब मात्र घेण्याआधी एकदा विचार करा. पाणी भरेपर्यंत आणि पुरतं ओसरेपर्यंत म्हाताऱ्या माणसाला आत कुडकुडत बसावं लागतं, कारण त्याआधी दार उघडता येत नाही. त्यापेक्षा टब काढायचाच असेल तर सपाट शॉवर करा. घरात एकच टब असेल तर लहान मुलांच्या कुटुंबाला घर विकताना अडचण येईल असं दलाल सांगेल. आईच्या खुब्याचं हाड आधी, दलाल नंतर.

आणि बिडाचा टब काढलाच, तर तो कचऱ्याच्या गाडीला देऊ नका. पाय असलेला, काच शाबूत असलेला जुना टब पाडकामाचं जुनं सामान विकणारी दुकानं घेतात. फुटलेला असेल तर भंगारवाला घेतो, बीड पुन्हा वितळतं. अॅक्रिलिक आणि फायबरग्लासला मात्र पुढे कचऱ्याच्या डोंगराशिवाय जागा नाही. नवा टब निवडताना दुकानातल्या दिव्यांखाली ते आठवा, आणि जाताना फ्रिजवरचा चुंबक खिशात घेऊन जा.